देव्हाऱ्यातला चित्रकार : राजा रविवर्मा

गेल्या दिवाळीच्या आधी घर झाडताना आमच्या देव्हाऱ्यावरच्या तसबिरीची काच माझ्या हातून फुटली. तसबीर लक्ष्मीची. कमळावर उभी राहिलेली, चार हातांची, शेजारी सोंडेत हार धरून उभा असलेला हत्ती. कागद तांबूस झालेला, एका कोपऱ्याला वाळवीने खाल्लेला. ही तसबीर माझ्या पणजीची. मुळशीच्या धरणाचे पाणी चढू लागले तेव्हा खोऱ्यातली माणसे घरदार सोडून वर सरकली. त्या वेळी पणजीने डोक्यावरून जे सामान आणले त्यात देवांचे टाक होते, जात्याची एक तळी होती आणि ही लक्ष्मी होती, असे आजी सांगते. गाव, शेत, पार सगळे पाण्याखाली गेले. लक्ष्मी वर आली.

काच फुटलेली पाहून वडील म्हणाले की खंडित तसबीर घरात ठेवू नये, धरणाच्या पाण्यात सोडून द्यावी. आजी काहीच बोलली नाही, आणि आजी बोलत नाही तेव्हा तिला ते पटलेले नसते. काचेचे तुकडे काढायला मी चौकट सोडवली. चौकटीच्या लाकडाखाली इतकी वर्षे झाकून राहिलेली एक बारीक इंग्रजी ओळ मला दिसली. रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा.

हे नाव मी कॉलेजात एकदा ऐकले होते. एका व्याख्यानात वक्त्यांनी ते जरा हसूनच घेतले होते. कॅलेंडरवरची चित्रे ही काही कला नव्हे, असा त्यांचा सूर होता. त्या दिवशी मी खाली मान घालून वहीत लिहून घेतले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. घरात जे चित्र आहे ते कला नाही हे मला कॉलेजात येऊनच समजायचे होते! पण कार्ला म्हणजे तर आमचे शेजारचे मावळ. पवनेचे खोरे ओलांडले की पलीकडे. आमच्या डोंगरापलीकडे छापलेली लक्ष्मी आमच्या घरी कशी आली, आणि ती काढणारा माणूस कोण, हे शोधल्याशिवाय तसबीर पाण्यात सोडायची नाही, असे मी वडिलांकडून कबूल करून घेतले. पुढे लिहिले आहे ते त्या शोधातून हाती आलेले.

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. घराणे राजवंशाशी सोयरीक असलेले, पण ते स्वतः राजे नव्हते. राजा हा शब्द त्यांच्या नावामागे पुढे लागला आणि तो असा चिकटला की आज तो काढला तर नावच अपुरे वाटते. आई उमायंबा कवयित्री होती. पार्वतीच्या स्वयंवरावर तिने काव्य रचले होते. म्हणजे पुराणातल्या कथा या मुलाला पोथीतून नव्हे, तर घरातल्या बोलण्यातून मिळाल्या. लहानपणी तो कोळशाने वाड्याच्या भिंती रंगवून ठेवी. नोकर चिडत. पण मामा राजराज वर्मा स्वतः चित्रे काढणारे होते. त्यांनी भाच्याला रागावण्याऐवजी हाती धरून शिकवायला सुरुवात केली.

१८६२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, मामांनी त्याला तिरुवनंतपुरमला महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारी नेले. महाराजांनी मुलाची चित्रे पाहून त्याला राजधानीतच ठेवून घेतले. तेथे राजवाड्यात युरोपीय चित्रांची पुस्तके होती, चित्रे होती आणि रामस्वामी नायकर नावाचे दरबारी चित्रकारही होते. नायकरांना तैलरंगाचे तंत्र येत होते. पाण्यात कालवलेले रंग वापरण्यापर्यंत मुलाची प्रगती झाली होती, पण तैलरंग शिकवायला नायकर तयार झाले नाहीत. आपल्या हातातली विद्या उद्या आपल्यालाच प्रतिस्पर्धी उभा करील, ही भीती त्यांना असावी. त्यांचाच एक शिष्य रात्री चोरून येऊन रविवर्मांना थोडेफार दाखवी, असे सांगतात.

१८६८ मध्ये थिओडोर जेन्सन नावाचा युरोपीय चित्रकार महाराजांचे चित्र काढण्यासाठी आला. त्यानेही शिकवण्याचे नाकारले. महाराजांच्या शब्दाखातर एवढेच कबूल केले की, हा तरुण जवळ उभा राहून काम पाहू शकतो. बस्स, पाहू शकतो! रविवर्मा उभे राहिले आणि पाहत राहिले. ब्रशवर रंग किती घ्यायचा, तेल किती मिसळायचे, एक थर वाळल्यावर दुसरा कधी चढवायचा, कातडीवर उजेड कसा पडतो. नंतर खोलीत जाऊन तसे करून पाहायचे, बिघडवायचे, पुन्हा करायचे. चित्रकलेच्या शाळेत ते कधी गेले नाहीत. मला त्यांच्या चरित्रातला हा भाग सर्वांत जवळचा वाटतो. ज्यांच्या घरी अभ्यास सांगणारे कोणी नसते, त्यांना नुसते पाहून शिकणे म्हणजे काय ते निराळे सांगावे लागत नाही.

पुढची काही वर्षे भराभर मानसन्मानाची गेली. त्याआधीच, १८६६ साली, मावेलिक्करा घराण्यातील भागीरथीबाईंशी त्यांचा विवाह झाला होता. १८७३ मध्ये केस माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला मद्रासच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले आणि त्याच साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनातही त्यांचा गौरव झाला. १८७६ मध्ये त्यांनी पत्र लिहिणारी शकुंतला रंगवली. कमळाच्या पानावर दुष्यंताला पत्र लिहीत वनात पहुडलेली. मद्रासचे गव्हर्नर, बकिंगहॅमचे ड्यूक, यांनी ते चित्र विकत घेतले आणि रविवर्मांचे नाव देशभर झाले. १८८० साली महाराज आयिल्यम तिरुनाळ वारले. नव्या महाराजांशी रविवर्मांचे जमले नाही. १८८१ मध्ये त्यांनी दुसऱ्या दरबारची वाट धरली, आणि ती वाट मराठी माणसांकडे घेऊन आली.

त्यांना बडोद्याला आणण्यात मोठा वाटा सर टी. माधवराव यांचा. तंजावरकडच्या मराठी घराण्यातला हा माणूस आधी त्रावणकोरचा दिवाण होता आणि पुढे बडोद्याचा दिवाण झाला. बडोद्याच्या गादीवर तेव्हा सयाजीराव गायकवाड. तेही नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातून, शेतकऱ्याच्या घरातून दत्तक येऊन राजे झालेले. १८८८ साली सयाजीरावांनी रामायण-महाभारतातील प्रसंगांची चौदा चित्रे रविवर्मांना सांगितली आणि मोबदला ठरला पन्नास हजार रुपये. त्या काळी हा आकडा किती मोठा होता हे सांगायला नको.

येथे रविवर्मांपुढे एक विचित्र अडचण उभी राहिली, आणि मला वाटते त्यांच्या सगळ्या आयुष्यातली खरी अडचण हीच. दमयंतीने नेसायचे काय? सीतेने नेसायचे काय? त्रावणकोरची स्त्री एका तऱ्हेने नेसते, बंगालची दुसऱ्या, पंजाबची तिसऱ्या. प्रत्येक प्रांताची सीता वेगळी. जुन्या लेण्यांतल्या मूर्तींसारखे रंगवावे तर आजच्या लोकांना ती ओळखीची वाटणार नाही. तेव्हा रविवर्मा आपला धाकटा भाऊ सी. राजराज वर्मा याला बरोबर घेऊन उत्तर हिंदुस्थानच्या प्रवासाला निघाले. साऱ्या देशाला आपला वाटेल असा पुराणकालीन पोशाख शोधायला! असा पोशाख त्यांना कुठेच सापडला नाही. शेवटी त्यांनी साडी पसंत केली, आणि अनेक चित्रांत ती आपल्याकडच्या नेसणीच्या वळणाने आली. मुंबईच्या मुक्कामात मराठी आणि गोमंतकीय स्त्रिया त्यांनी समोर बसवून रंगवल्या. केरळच्या चित्रकाराने बडोद्याच्या राजासाठी काढलेल्या पुराणातल्या नायिका आमच्या आयाबायांसारख्या दिसतात त्याचे कारण हे. आज आपण डोळे मिटून लक्ष्मी आठवली तर तिच्या अंगावर साडी असते. ती साडी आधी कोणी तरी ठरवली, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

चौदा चित्रे १८९० मध्ये पुरी झाली. तिरुवनंतपुरमला, नंतर बडोद्याला आणि मुंबईला ती लोकांसाठी मांडली गेली तेव्हा पाहायला झुंडी लोटल्या. राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यात जाणारी ही चित्रे. सामान्य माणसाला ती पाहायला मिळणार प्रदर्शनापुरती चार दिवस.

माधवरावांनी हे आधीच ओळखले होते. मागणी इतकी आहे की एका माणसाचे दोन हात पुरणार नाहीत. निवडक चित्रे युरोपात पाठवून रंगीत छापून घ्यावीत, असे त्यांनी १८८४ च्या सुमारास सुचवले होते. चित्रकाराचे देव छापून घरोघर न्यायचे, ही कल्पना तशी जगात नवी नव्हती. ग्रंथालयात युरोपीय चित्रकलेवरचे एक जाडजूड पुस्तक चाळताना मला रोकोको नावाच्या शैलीची पाने लागली. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बूशे, व्हेनिसमध्ये तिएपोलो हे चित्रकार ग्रीक-रोमन पुराणातले देव शाईच्या रेघेने काढीत आणि पाण्यात पातळ केलेली शाई कुंचल्याने वरून फिरवून त्यात सावल्या भरीत. ढगांवर बसलेल्या देवता, उडणारी वस्त्रे, गुबगुबीत बाळे. रेघ अशी की आत्ताच हात उचलला असावा. बूशे हा पंधराव्या लुईचा चित्रकार, पण त्याची रेखाटने देमार्तो नावाच्या कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर अशी कोरली की छाप हातच्या चित्रासारखा दिसे, आणि मग ती राजवाड्याबाहेरच्या लोकांच्याही भिंतीवर गेली. त्याच बूशेला त्याच्या हयातीतच टीकाकारांनी गोडगोड आणि उथळ ठरवले होते. हे वाचताना मला आमच्या कॉलेजातले ते व्याख्यान आठवले.

आपल्याकडेही, पुण्यातच, १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांसह चित्रशाळा काढली होती आणि देवादिकांची रंगीत चित्रे छापायला सुरुवात केली होती. रविवर्मांचे वेगळेपण असे की, देशभर गाजलेल्या चित्रकाराने स्वतःच छापखाना काढला. १८९४ साली मुंबईत, भागीदार घेऊन, जर्मनीहून यंत्रे आणि कारागीर आणून. पहिले चित्र छापले ते शकुंतलेच्या जन्माचे. मेनका बाळ पुढे करते आहे आणि विश्वामित्र तोंड फिरवून हाताने नको म्हणत आहे. व्यवसायाच्या आरंभी हा प्रसंग निवडावा याचे मला नवल वाटते. आणखी एक गोष्ट येथेच सांगते. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची दहा चित्रे गेली होती आणि त्यांना पदके मिळाली होती. म्हणजे छापखाना काढला तो कीर्तीच्या ऐन भरात, दुसरे काही जमेना म्हणून नव्हे.

ही छपाई दगडावरची. तिची रीत वाचून मी थक्क झाले. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावर कारागीर तेलकट शाईने किंवा खडूने चित्र काढतो, तेही उलटे, आरशात दिसावे तसे. मग दगड ओला करतात. जेथे तेलकट रेघ आहे तेथे पाणी ठरत नाही, आणि जेथे पाणी आहे तेथे छपाईची शाई लागत नाही. रूळ फिरवला की शाई फक्त रेघेवर बसते. तेल आणि पाणी यांच्या वैरावर सारा व्यवहार! रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाला निराळा दगड. लक्ष्मीच्या साडीचा एक, कमळाचा एक, हत्तीच्या सावलीचा एक. एकच कागद एकामागून एक साऱ्या दगडांवरून जायचा आणि केसभरही सरकता कामा नये. सरकला तर लक्ष्मीचे ओठ हनुवटीवर. आमच्या तसबिरीत भिंग धरून पाहिले तर गालावर बारीक बारीक ठिपके दिसतात. हे ठिपके रविवर्मांच्या हातचे नव्हेत. ते कुणा नाव नसलेल्या कारागिराने तासन् तास दगडावर वाकून दिलेले आहेत. आमच्या घरची लक्ष्मी एकट्या रविवर्मांची नाही, त्याचीही आहे.

चित्रे खपली, पण हिशेब जमला नाही. त्यातच १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. लोक शहर सोडून पळू लागले, कामगार मिळेनात. छापखाना आधी घाटकोपरला आणि मग १८९९ च्या सुमारास लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला गेला. कार्ल्याची लेणी एका अंगाला, भाजे दुसऱ्या अंगाला, मधून रेल्वे. जडशीळ दगड आणि यंत्रे घाट चढवून येथे आणली गेली. व्यवहार पाहण्याचे काम मुख्यतः धाकट्या भावावर पडले होते. हा भाऊ स्वतः चांगला चित्रकार, थोरल्याच्या चित्रांतली पार्श्वभूमी पुष्कळदा त्याच्या हातची. पण त्याचे दिवस कर्ज आणि भागीदार यांच्या विवंचनेत जात. त्याने १८९५ पासून इंग्रजीत रोजनिशी ठेवली म्हणून या दोघांचे रोजचे जगणे आपल्याला कळते. १९०१ मध्ये दोघा भावांनी हार मानली. छापखाना त्यांच्याच जर्मन तंत्रज्ञाने, फ्रिट्झ श्लायखर याने, चित्रे छापण्याच्या हक्कांसह विकत घेतला.

नवा मालक धंदा जाणणारा निघाला. त्याने चित्रे आणखी स्वस्त केली, जाहिरातींवर आणि काड्यापेट्यांच्या चिठ्ठ्यांवर देव छापले. दादासाहेब फाळक्यांनीही काही काळ या छापखान्याचे काम केले. पुढे १९१३ मध्ये राजा हरिश्चंद्र पडद्यावर आणणाऱ्या माणसाची नजर अशा चित्रांवर तयार झाली होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पण रविवर्मांच्या हाती यातले काही उरले नव्हते. त्यांच्या नावाची लक्ष्मी घरोघर जात होती आणि छापखाना दुसऱ्याचा होता. आमच्या तसबिरीवर कार्ला-लोणावळा असे आहे. म्हणजे ती बहुधा या दुसऱ्या काळातली, चित्रकाराला काहीही न मिळालेली.

शेवटची वर्षे मला वाचायला जड गेली. १९०४ मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद हे सुवर्णपदक दिले. १९०५ च्या जानेवारीत धाकटा भाऊ वारला. आयुष्यभर एकत्र प्रवास केला, एका खोलीत काम केले, एकाच पटावर दोघांनी रंग भरला. तो गेल्यावर रविवर्मांनी म्हैसूरच्या राजवाड्यासाठी घेतलेली पौराणिक चित्रे पुरी केली आणि किळिमानूरला परतले. तेथेच २ ऑक्टोबर १९०६ रोजी, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतर, किंबहुना आधीपासूनच, टीका सुरू झाली होती. भगिनी निवेदिता आणि आनंद कुमारस्वामी यांना या चित्रांत भारतीयत्व दिसेना. हे देव नाटकातल्या पात्रांसारखे उभे आहेत, तंत्र सारे परके आहे, असा आक्षेप होता. बंगालच्या नव्या चित्रकारांनी अजिंठा आणि मोगल लघुचित्रांकडे तोंड वळवले. दुसरीकडे १९७९ मध्ये भारत सरकारने रविवर्मांची चित्रे राष्ट्रीय कलासंपदा म्हणून जाहीर केली, त्यामुळे ती देशाबाहेर नेता येत नाहीत. आक्षेप खोटे आहेत असे मला म्हणता येत नाही. त्यांच्या काही चित्रांतले राजे खरोखरच नाटकाच्या तालमीतून उठून आल्यासारखे वाटतात. सगळ्या नायिका गोऱ्यापान, भरल्या अंगाच्या, दागिन्यांनी मढलेल्या आहेत. माझ्या आजीसारखी, उन्हात रापलेली, भातलावणीने बोटे चिरलेली बाई त्यांच्या स्वर्गात नाही. हे मला खटकते आणि मी ते लपवणार नाही.

पण व्याख्यान देणाऱ्यांनी एक गोष्ट सांगायची राहून गेली. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले झाले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली. त्रावणकोरात, रविवर्मांच्या स्वतःच्या मुलुखात, सर्व हिंदूंना देवळे उघडली ती १९३६ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी ज्यांना देवळाच्या पायरीशीच थांबावे लागे त्यांच्या घरात हा छापील कागद शिरला होता. त्याला पुजारी लागत नव्हता, सोवळे लागत नव्हते. भिंतीला एक खिळा पुरे. रविवर्मांनी हे समजून उमजून केले की धंद्याच्या हिशेबाने, याचा निवाडा मी करीत नाही. कागद घरात आला हे खरे.

दिवाळीच्या सुटीत मी पौडहून पुण्याला आणि तेथून लोणावळा लोकलने मळवलीला गेले. छापखान्याला १९७२ मध्ये आग लागली आणि पुष्कळ जुनी चित्रे त्यात जळाली, हे वाचलेले होतेच, म्हणून फार काही दिसेल अशी आशा नव्हती. स्टेशनावर उतरणारे सारे भाज्याच्या लेण्यांकडे चालले होते. मीही चढून गेले. तेथे एका विहाराच्या दाराशी रथात बसलेला सूर्य आणि हत्तीवर बसलेला इंद्र दगडात कोरलेले आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीचे. इंद्राचा हत्ती सोंडेने झाड उपटतो आहे. वर कातळावर देव, आणि खाली मैदानात कधी काळी जर्मनीच्या यंत्रांखाली दगडावरून कागदावर उतरणारे देव. मी बराच वेळ बसून होते. परतीची लोकल चुकली आणि घरी बोलणी खाल्ली ते वेगळेच.

रात्री आजीला सगळे सांगितले. मामा, चोरून शिकवणारा शिष्य, प्लेग, कर्ज, भाऊ. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि एवढेच विचारले की, लक्ष्मी काढताना त्याने समोर बसवलेली बाई कोण होती, तिला पैसे मिळाले का. मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी आजीने पदराच्या गाठीतून पैसे काढून वडिलांच्या हाती दिले आणि बाजारातून काच कापून आणायला सांगितले. चौकट पुन्हा बसवताना सुताराकडून खालची पट्टी थोडी तासून घेतली आहे, त्यामुळे आता ती बारीक ओळ दिसते.